साखरझोप आणि सजग स्वप्न

पहाटे पडलेले स्वप्न खरे होते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ते खरे होते की नाही हे मी ज्योतिषांवर सोपवितो. परंतु स्वप्ने पहाटेचीच का आठवतात, आणि ‘हे स्वप्न आहे’ असे काहींना स्वप्न चालू असतानाच का कळते, हा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न आहे. अशा स्वप्नाला या लेखात मी ‘सजग स्वप्न’ म्हणणार आहे.

या विषयाचा एक चिकाटीचा अभ्यासक म्हणजे डच मनोवैद्य व साहित्यिक फ्रेडरिक व्हान ईडन. स्वतःची स्वप्ने वर्षानुवर्षे टिपून १९१३ साली त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने ३५२ सजग स्वप्नांची मोजदाद दिली आहे आणि ती सर्वच्या सर्व पहाटे पाच ते सकाळी आठ या वेळेत पडली, असे नमूद केले आहे. आपल्या आजीबाईंना हे वाचून मुळीच आश्चर्य वाटले नसते.

येथे एक घोटाळा आधीच दूर केला पाहिजे. स्पष्ट स्वप्न आणि सजग स्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात उपदेश दिला, हे आपण सर्व जाणतो. त्या स्वप्नात गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि त्याचा विसर पडला, असे तुकोबा स्वतःच सांगतात. केवढे ठसठशीत स्वप्न! मस्तकावर ठेवलेला हातसुद्धा आठवतो. पण हे स्वप्न होते हे त्यांनी सांगितले ते जागेपणी. स्वप्नात असताना ‘मी स्वप्नात आहे’ असे ते म्हणत नाहीत. माझ्या दृष्टीने सजग स्वप्नाची कसोटी एवढीच.

आता झोपेच्या खोलीकडे वळू. झोप किती गाढ आहे हे मोजण्याचा प्रयोग जर्मनीत कोलश्युटर याने १८६२ साली केला. झोपलेल्या माणसाला जागे करण्यास किती मोठा आवाज लागतो, हे त्याने तासातासाने पाहिले. पहिल्या एक-दोन तासांत झोप सर्वांत गाढ असते आणि पुढे ती उथळ होत जाते, असे त्याला आढळले. पुढे १९५३ साली शिकागो येथे ॲझरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखविले की, रात्रीत काही काळ मिटल्या पापण्यांआड डोळे झरझर हलतात आणि त्या वेळी उठविले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेम’ झोप म्हणतात. सुमारे नव्वद मिनिटांचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने एका रात्रीत होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात संपतो. रेम झोप आधी काही मिनिटांचीच असते. पहाटेकडे ती लांबत जाऊन अर्ध्या तासाच्याही पुढे जाते. आपण जिला ‘साखरझोप’ म्हणतो ती हीच वेळ. शब्द करणाऱ्याने मेंदूचा आलेख पाहिला नव्हता, पण नेमकी जागा ओळखली होती.

मग रेम झोप उथळ म्हणावी काय? तसेही सरळ म्हणता येत नाही. मेंदू जवळजवळ जागेपणीसारखा काम करीत असतो, पण हातापायांचे स्नायू पार सैल, निश्चल असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल जूव्हे याने म्हणूनच तिला ‘विरोधाभासी झोप’ असे नाव दिले. शरीराच्या बाजूने ती खोल आणि मनाच्या बाजूने जागृतीला लागून. सजगतेला हवी असते ती हीच चमत्कारिक जागा. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी संथ व उंच असतात. ‘मी’ म्हणणारेच तेथे क्वचित भेटते. मांडूक्य उपनिषदानेही सुषुप्तीत काही इच्छा नाही आणि स्वप्नही नाही, असे सांगून ती स्वप्नावस्थेपासून वेगळी काढली आहे. झोपेच्या इतर पायऱ्यांवर सजग स्वप्न पडल्याच्या नोंदी आहेत, पण थोड्या.

हे सिद्ध कसे झाले? रेम झोपेत हातपाय हलत नाहीत, पण डोळे हलतात. इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न याने १९७५ साली ॲलन वर्स्ली या गृहस्थाला, स्वप्नात असल्याचे कळताच डोळे ठरल्याप्रमाणे डावीउजवीकडे फिरवावयास सांगितले होते. त्या खुणा यंत्रावर उमटल्या आणि माणूस रेम झोपेतच होता! अमेरिकेत स्टीफन लाबर्ज याने स्वतंत्रपणे हेच दाखवून १९८१ साली प्रसिद्ध केले. २०१६ साली जुन्या सर्व पाहण्यांचे एकत्रित गणित मांडले गेले. त्यात शंभरांतील सुमारे ५५ जणांना आयुष्यात एकदा तरी असे स्वप्न पडल्याचे दिसते.

यावरूनच एक युक्ती निघाली. पाच-सहा तास झोपून उठावे, अर्धा-पाऊण तास जागे राहावे आणि ‘पुढच्या स्वप्नात मला हे स्वप्न आहे हे कळेल’ असा निश्चय करीत पुन्हा झोपावे. आमच्या निलंगा भागात ही युक्ती लोक नकळत करीतच असतात. कार्तिकात काकड्याला जाऊन आलेला माणूस, किंवा रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी देऊन तीन-चारला घरी परतलेला शेतकरी पुन्हा अंग टाकतो तेव्हा त्याला फार रंगीत स्वप्ने पडतात. मी गेल्या कार्तिकात वही ठेवली होती. स्वप्ने भरपूर लिहिली गेली. सजग म्हणावे असे एकच. परीक्षेच्या खोलीत उत्तरपत्रिकेवरील अक्षरे पुन्हा पाहिली की बदलत, त्यावरून मला संशय आला, आणि आनंद इतका झाला की जागच आली. मात्र वसतिगृहातील काही मित्र बाराला झोपून तीनचा गजर लावतात, त्यांनी मूळ मुद्दाच सोडला आहे. आधीची गाढ झोप पुरी झाल्याशिवाय शरीर तिचेच देणे मागत राहते.

हा विषय मी कुतूहलापोटी निवडला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. घड्याळात पहाट असली, तरी कित्येकांच्या झोपेची ती पहिलीच बाजू असावी. माझे चुलते दगडमातीच्या ढिगातून वाचले. आजही त्यांना भिंत पडताना दिसते आणि ते ओरडून उठतात. असे स्वप्न सजगतेने थांबविता येईल काय? नेदरलँड्समध्ये स्पूरमेकर व व्हान डेन बाऊट यांनी २००६ साली भीतिस्वप्नांनी त्रस्त अशा २३ जणांवर ही पद्धत तपासली. ज्यांना ती शिकविली त्यांची भीतिस्वप्ने कमी झाली. पण आघाताची इतर लक्षणे बदलली नाहीत, आणि उपयोग सजगतेचाच झाला काय हेही ठरले नाही. दुसरी अडचण खोलीची. आघातानंतरची भीतिस्वप्ने नेहमी पहाटेच्या रेम झोपेची वाट पाहत नाहीत. ती रात्रीच्या आधीच्या टप्प्यांतही येतात, आणि तेथे सजगता पोहोचणे कठीण.

त्या पद्धतीतील एक भाग मात्र जागेपणी करावयाचा आहे: तेच स्वप्न मनात आणून त्याचा शेवट आपल्या हाताने बदलावयाचा. चुलते सध्या रोज दुपारी, जेवण झाल्यावर, ओसरीत बसून तेवढे करतात. भिंत हलू लागते तेव्हा ते सर्वांना अंगणात आणतात. रात्री किती वेळा उठले, हे चुलती माझ्या वहीत लिहून ठेवते.