यंत्राची वही

आमच्या मळ्यावरची पाच एचपीची मोटर जळाली तेव्हा एप्रिल होता आणि आप्पा अंथरुणाला खिळलेले होते. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमचा ऊस आहे. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीला होती. ऑटोस्विचवर मोटर आपोआप सुरू झाली, मध्येच एक फेज गेला आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहिली. अशा वेळी मोटर बंद पाडणारा प्रिव्हेंटर बसवलेला होता, पण तो कुणीतरी, कधीतरी बायपास करून ठेवला होता. सकाळी भाऊ गेला तेव्हा जळक्या वार्निशचा वास बांधापर्यंत येत होता.

वाइंडिंगच्या दुकानात मिस्त्रींनी मोटर उघडली आणि भावाला विचारलं, "मागचं वाइंडिंग कवा झालं हुतं? बेअरिंगा कवा बदलल्या? चालू असताना अँपियर किती घेत हुती?" भावाकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मोटरवरची पट्टी रंगाखाली गेलेली, त्यामुळे आकडे वाचता येईनात. हे सगळं आप्पांना तोंडपाठ होतं, पण अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मोटर भरून आणून पाणी सुरू होईपर्यंत ऐन उन्हातली उसाची पाळी चुकली. पुढे दिवाळीच्या साफसफाईत आईला कपाटात बिल मिळालं. तेच वाइंडिंग आदल्या वर्षी दुसऱ्या दुकानात झालं होतं आणि मोटर जळाली त्या दिवशी त्याची गॅरंटी शिल्लक होती. पैसे गेले ते गेलेच. आईला खरी चुटपूट लागली ती वेगळ्या गोष्टीची: आप्पांनी इतकं जपलेलं यंत्र त्यांच्या आजारपणात आम्हा सगळ्यांना परकं झालं होतं.

स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून ऑइलपेंटने लिहिलेल्या दोन ओळी नंतर भावाला दिसल्या. बेअरिंगचा नंबर आणि एक तारीख, तीही अर्धी पुसट. म्हणजे आप्पा लिहीत होते. आमच्या भागात कितीतरी शेतकरी असं पेटीच्या दारावर, पंपघराच्या भिंतीवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतात. सवय चांगलीच आहे, पण पेटी बदलली की दार जातं आणि भिंतीला चुना दिला की भिंतीवरचं जातं.

आमच्या गावापासून किर्लोस्करवाडी लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि 1910 साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनाशेजारी, कारखाना उभा केला. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि वाडी सांगलीत, म्हणजे हे दोन्ही जिल्ह्यांचं संचित. लोखंडी नांगर, मग पंप. याच कारखान्यातून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. पुढे ते मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं, तरी त्याचा जन्म यंत्रं करणारे आणि यंत्रं वापरणारे यांच्यातल्या बोलण्यातून झाला, हे मला फार मोलाचं वाटतं. यंत्र विकलं की संबंध संपत नाही, त्याबद्दल लिहीत आणि वाचत राहावं लागतं, हे ज्या मातीत शंभर वर्षांपूर्वी लोकांना कळलं होतं, तिथल्याच घराघरांत आज यंत्रांची माहिती एका माणसाच्या डोक्यात कोंडलेली असते. तो माणूस परगावी गेला, आजारी पडला, की घर अडतं.

म्हणून आम्ही वही घातली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. एका यंत्राला चार पानं. मोबाईलमध्ये लिहायला माझी ना नाही, पण मोबाईल ज्याचा त्याच्या खिशात असतो आणि त्याला कुलूप असतं. वही खुंटीवर असते, ती आईला उघडता येते, सालगड्यालाही उघडता येते. महिन्याला पानांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे वही भिजली तरी मजकूर उरतो.

पहिल्या पानावर यंत्राची ओळख लिहावी. मोटरची पट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसून त्यावरचा सीरियल नंबर, एचपी, अँपियर, बेअरिंगचे नंबर उतरवून घ्यावेत. गाडीचा इंजिन आणि चासी नंबर, टायरचा साइज, बॅटरीचा नंबर आणि घेतल्याची तारीख. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, तेही लिहावेत. 3219 असेल तर तो टायर 2019 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होतं, आणि घरी कमी चालणाऱ्या गाडीत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढच्या पानांवर केलेलं काम: तारीख, मीटरचा आकडा, काय केलं, कुणी केलं, किती पैसे लागले. आणि शेवटचा रकाना 'पुढचं कधी'. माझ्या मते सगळी वही या एका रकान्यासाठी आहे. बाकीचे रकाने झालेलं सांगतात, हा होणारं सांगतो. तो पेन्सिलने भरावा, कारण तो बदलत राहतो. दुचाकीला किलोमीटर लिहावेत, ट्रॅक्टरला तास. शेतात दिवसभर नांगरणारा ट्रॅक्टर किलोमीटरमध्ये फार कमी चालतो, म्हणून त्याचं ऑइल तासाच्या मीटरवर बदलायचं असतं. मोटरला तासही नसतात, तिथे अँपियर लिहायचे.

हे अँपियरचं जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या घरी त्याचाच सगळ्यात मोठा उपयोग झाला. तीन फेजची पाच एचपी मोटर पूर्ण भारावर साधारण सात-साडेसात अँपियर घेते. पण आपली मोटर निरोगी असताना किती घेते, तो आकडा आपला. स्टार्टरवर अँपियरचा आणि व्होल्टचा मीटर असतो. महिन्यातून एकदा मोटर सुरू होऊन पाणी नीट पडू लागलं की दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. व्होल्ट उतरले आणि अँपियर चढले तर दोष लाइनीत असण्याचा संभव जास्त. व्होल्ट नेहमीइतके आणि अँपियर चढलेले असतील तर बेअरिंग धरतंय, ग्लँड फार आवळलाय किंवा इंपेलर कुठेतरी घासतोय. अँपियर एकदम कमी झाले तर मोटर पाणीच उचलत नाही, फूटवॉल बघायचा.

गेल्या वर्षी आईचा फोन आला, "अगं, आज काटा नवावर चाललाय. मागच्या महिन्यात सातावर होता, वहीत लिहिलंय." व्होल्ट विचारले तर ते नेहमीइतके. भावाने मोटर बंद केली, मिस्त्रींना बोलावलं. मागचं बेअरिंग गेलं होतं, हाताने फिरवलं की खरखर लागत होती. बेअरिंगवर भागलं. तसंच चालू ठेवलं असतं तर पुन्हा वाइंडिंगच झालं असतं. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. तिला मोटरमधलं काही कळत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, आणि मोटर तिच्यामुळे वाचली.

मी साताऱ्यात राहते, इथे यंत्रं वेगळी. आमची स्कूटर यवतेश्वरचा घाट रोज चढते-उतरते, कारण यजमानांचं काम कासच्या वाटेवर आहे. कंपनीच्या पुस्तकात ब्रेक शूजसाठी जो किलोमीटरचा आकडा असतो, तो सपाटीवरच्या चालण्याचा. घाटात शूज त्याच्या कितीतरी आधी झिजतात. पुस्तक आडव्या रस्त्याचं आणि वापर घाटाचा, म्हणून 'पुढचं कधी' पुस्तक बघून भरता येत नाही, आपली मागची पानं बघून भरावं लागतं. एकाच जिल्ह्यात किती फरक! पाटण-महाबळेश्वरकडे पावसाने केबली गंजतात, चेन कोरडी पडते. माण-खटावात, आणि तिकडे सांगलीच्या जत-आटपाडीत, धुळीने एअर फिल्टर बुजतो. तिथे तो ठरल्याच्या निम्म्या अंतरावरच झटकून बघावा. कारच्या ब्रेक ऑइलला हवेतला ओलावा ओढून घ्यायची खोड असते. ओलावलेलं ऑइल पसरणी किंवा खंबाटकीसारखा घाट उतरताना तापलं की त्यात वाफ धरते आणि पेडल खाली जातं. गाडी फार फिरली नसली तरी दोन वर्षांनी ते बदलायचंच. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंटच. गॅरेजवाल्याला बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा. चांगला माणूस स्वतःच दाखवतो, आणि झिजलेला पार्ट हातात घेतला की पुढच्या वेळचा अंदाज येतो.

आता कागदांविषयी, कारण इथे भलीभली माणसं फसलेली मी पाहिली आहेत. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा आणि नव्या कारबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. लोक समजतात, गाडीचा पाच वर्षांचा विमा झाला. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपल्या गाडीचं नुकसान वेगळ्या भागात येतं, आणि तो भाग बहुतेकदा वर्षाचाच असतो. सांगलीत गावभागात माझा मामेभाऊ राहतो. त्याने 2019 च्या महापुरानंतर नवी स्कूटर घेतली. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, स्कूटर बुडाली, हा पॉलिसी घेऊन गेला. वरच्या तारखा पाच वर्षांच्या, पण गाडीच्या नुकसानीचा भाग आदल्या वर्षीच संपलेला. वहीत म्हणून विम्याच्या दोन ओळी लिहाव्यात, दोन वेगळ्या तारखांच्या. विमा संपून 90 दिवस उलटले की क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूटही जाते. पीयूसी बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षाने, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी. गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं होत आली की फेरनोंदणीची तारीख पहिल्या पानावरच मोठ्या अक्षरात.

पुराचं पान आमच्या वहीत वेगळं आहे. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा सत्तावन फुटांच्या वर गेली होती. तिथे चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस धोक्याची. नदीकाठची माणसं कोयनेतून किती क्युसेक सोडलं, हे ऐकून मोटरी वर काढतात. कोणत्या पातळीला आपली मोटर काढायची, काढायला कोण येणार, चेनपुली कुणाकडे, केबल कुठून सोडवायची, हे आधी लिहिलेलं असावं, कारण त्या दिवशी सगळ्या गावाला तीच माणसं हवी असतात. आणि गाडीसाठी एक ओळ ठळक लिहावी: पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडाल्याने झालेलं नुकसान विम्यात बसतं. चालू केल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान, त्यासाठीचं जादा कव्हर नसेल तर, बहुधा नाकारलं जातं. बॅटरी सोडवायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी ओढून न्यायची.

घरातल्या बाकीच्या वस्तूंना एकच पान पुरतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी उन्हाळ्यात लवकर उतरतं, त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. बोअरच्या पाण्यावरच्या गिझरमध्ये क्षार धरतात, त्याचा आतला रॉड वर्ष-दोन वर्षांनी बघायचा. गॅसच्या रबरी नळीवर साल छापलेलं असतं, ती पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि साल असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करावा.

वही कधी उघडायची, याला आमच्याकडे दोन दिवस ठरलेले आहेत. पहिला बेंदूर. आमच्या भागात तो आषाढात येतो, पूर यायच्या आधी. बैलाची खांदेमळणी करताना हात फिरतो तिथे जखम, सूज आपसूक सापडते, तसा त्या दिवशी प्रत्येक यंत्रावर हात फिरवायचा आणि सापडेल ते लिहायचं. दुसरा दिवस खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण अवजारं धुतो-पुसतो, गाड्यांना झेंडूच्या माळा घालतो. धुताना गळती दिसते, सुटलेला नट दिसतो, चिरलेली केबल दिसते. हळदकुंकू लावून झालं की आई वही मागते आणि भाऊ एकेका यंत्राजवळ उभा राहून आकडे सांगतो. वर्षातून एकदा वही दुसऱ्याच्या हातात द्यायचा नियम आहे. यंदा ती माझ्या भाच्याकडे आहे. तो नववीत शिकतो, आणि ट्रॅक्टरच्या तासांची पुढची नोंद त्याने करायची आहे.