क्षयाचा जंतू शोधणारे डॉक्टर कॉख



सकाळी धडधाकट दिसणारे जनावर संध्याकाळी मरून पडते. काळपुळीची साथ आली की असेच होते. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतील वोल्श्टाइन भागात मेंढ्या-गुरे अशीच मरत होती. (हे गाव आता पोलंडमध्ये आहे.) तिथे सरकारी डॉक्टर होते रॉबर्ट कॉख. जन्म ११ डिसेंबर १८४३, क्लाउस्टाल या खाणींच्या गावी.

त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा कुठली? एक सूक्ष्मदर्शक आणि पिंजऱ्यातले उंदीर, बस्स! मेलेल्या मेंढीच्या रक्तात त्यांना बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. लाकडाची ढलपी त्या रक्तात बुडवून ते उंदराला टोचीत. दुसऱ्या दिवशी उंदीर मेलेला, आणि त्याच्याही रक्तात त्याच काड्या! पण रोग जंतूनेच होतो की रक्तातल्या आणखी कशाने? मग त्यांनी बैलाच्या डोळ्यातील पाण्यात जंतू वाढवले, त्यातला थेंब दुसऱ्या पाण्यात, त्यातला तिसऱ्या. मूळ रक्ताचा अंशही उरला नाही, तरी उंदीर मेलाच. हे जंतू बीजरूपाने मातीत वर्षानुवर्षे टिकतात, हेही कळले. काळपुळीने मेलेले जनावर फाडायचे नाही, खोल पुरायचे किंवा जाळायचे, ते याचसाठी. हे साल १८७६.

पुढे ते बर्लिनला गेले. पातळ रसात निरनिराळे जंतू एकमेकांत मिसळून जात. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर मात्र प्रत्येक जातीचा वेगळा ठिपका उठतो! पण सगळेच जंतू काही बटाट्यावर वाढत नाहीत, आणि जिलेटीन उष्णतेने वितळते. तेव्हा फॅनी हेस या बाईंनी स्वयंपाकघरातला उपाय सुचवला, अगर-अगर, म्हणजे आपले चायना ग्रास. प्रयोगशाळांत ते आजही वापरतात. बाईंचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही.

त्या काळी सात मृत्यूंमागे एक क्षयाने होई, आणि रोग आईबापांकडून वारशाने येतो अशी पुष्कळांची समजूत होती. २४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. हाच दिवस आता जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात.

१८८४ साली कलकत्त्यात त्यांना पटकीचे स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू रुग्णांत आणि तळ्याच्या पाण्यातही सापडले. इटलीच्या पाचिनींनी ते १८५४ सालीच पाहिले होते, पण तिकडे कुणी लक्ष दिले नव्हते. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी कॉख मुंबईलाही येऊन गेले.

१८९० साली मात्र त्यांनी 'ट्युबर्क्युलिन' हे क्षयावरचे औषध म्हणून जाहीर केले. बर्लिनमध्ये रोग्यांची रीघ लागली. गुण काही आला नाही, उलट काहीजण दगावले. एवढ्या काटेकोर माणसाने अशी घाई करायला नको होती. पुढे तेच ट्युबर्क्युलिन क्षय ओळखण्याच्या चाचणीसाठी उपयोगी पडले.

१९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी ते वारले. क्षयावर खरोखर लागू पडणारे औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडले १९४३ साली.