चार हजारावा नग

बाळा, नसरापूरच्या शेडला रंग लागला, पाटी झाली, आणि आता बल्ब नि पाणी तापवायचे रॉड बनवून भोर-वेल्ह्याच्या दुकानांत द्यायचे म्हणतोस. पेढे पोचले. डब्यात तुझी चिठ्ठीही होती: "आत्या, शिक्का लवकरात लवकर कसा मिळेल?" लहानपणी भाताला उकळी यायच्या आत झाकण उघडायचास, तो स्वभाव अजून गेला नाही तुझा. शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणीच्या टेबलावर गेली. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं मी आधी चुकले आणि मग शिकले. तू फक्त शिक.

१. आधी बल्ब कर, रॉड पुढच्या वर्षी — दोघांची वाट वेगळी आहे. एलईडी बल्बला भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी लागते. रॉडला आयएसआयचा परवाना लागतो आणि त्यासाठी अधिकारी तुझ्या शेडमध्ये येऊन यंत्रं, तपासणीची साधनं आणि काम करणारे हात बघतात.

२. बल्बचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच दे, ओळखीच्या कुणाकडे नको — मुंबईच्या ईआरटीएलसारख्या सरकारी आहेत, खासगीही आहेत. यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर बघ आणि आपलं मानक त्यांच्या मान्यतेत बसतं का ते आधी विचार.

३. अहवाल हातात आला की अर्ज त्याच आठवड्यात कर — ९० दिवसांपेक्षा जुना अहवाल चालत नाही, आणि भातलावणीत दिवस कसे जातात ते तुला सांगायला नको.

४. नसरापूरच्या शेडची नोंदणी कापूरहोळच्या शेडला चालत नाही — नंबर कारखान्याच्या पत्त्याला आणि ब्रँडला बांधलेला असतो. जागा बदलायचा विचार असेल तर अर्जाआधी बदल.

५. नंबर मिळायच्या आधी खोके छापू नकोस, एकही नाही — शिक्का सक्तीचा असलेल्या वस्तूबाबत कायदा मोडला तर २०१६ च्या बीआयएस कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाच किमान २ लाखांचा दंड आहे. आणि खोकी तयार दिसली की माल बाहेर काढायचा मोह होतोच.

६. शिक्का वाचायला शिक आणि दुकानदारालाही शिकव. वर मानकाचा क्रमांक असतो, जसं बल्बच्या सुरक्षेचं आयएस १६१०२. खाली रजिस्ट्रेशनचा 'आर'ने सुरू होणारा नंबर, आणि आयएसआयच्या वस्तूवर 'सीएम/एल'चा — तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की कुणाचा कारखाना ते समोर येतं. भोरच्या बाजारात खोटा शिक्का ओळखणारे दहा दुकानदार तयार झाले, तर खऱ्या माणसाचा धंदा आपोआप सुरक्षित होतो.

७. खोक्यावर 'सीई' दिसलं म्हणून सुटे भाग घेऊ नकोस — ते युरोपच्या बाजारासाठी बनवणाऱ्याने स्वतः केलेलं घोषणापत्र असतं, आपल्याकडचा शिक्का नव्हे. तसंच खोक्यावरचे तारे वस्तू किती वीज खाते ते सांगतात. शॉक बसेल का, ते सांगत नाहीत.

एवढं कागदाचं झालं. (आयएसआय ही संस्था १९४७ ची, बीआयएस हे नाव १९८७ पासूनचं. आणि आयएस १ हे मानक कशाचं आहे सांगू? आपल्या तिरंग्याचं. त्या रांगेत तुझा बल्ब बसणार आहे, हे पोरांना सांग म्हणजे ती हात धुऊन कामाला बसतील.) आता माझं खरं बोलणं ऐक.

८. प्रयोगशाळा पास करते ते तू पाठवलेले मोजके नग. वेल्ह्याच्या घरात जातो तो चार हजारावा. नमुना लग्नाचा, माल संसाराचा — नमुना सगळेच नटवून पाठवतात. चार हजारावा नग त्याच्यासारखा निघतो का, हे शिक्का बघत नाही, तू बघायचं असतंस.

९. नमुना पास झाला की त्यात काय काय आहे त्याची यादी कर: ड्रायव्हर कुणाचा, वायर कुणाची, प्लास्टिक कुठलं, टोपी कुणाची. दोन नग सीलबंद करून कपाटात ठेव — पुढे "हे असंच होतं" असं कुणी म्हणालं, तर उघडून दाखवता येतं.

१०. यादीतली एक वस्तू जरी बदलली तरी थांब, विचार, लागली तर चाचणी पुन्हा कर. आमच्याकडे खरेदीवाल्याने मीटरमागे थोडे पैसे वाचतात म्हणून रॉडची वायर बदलली. वरून तीच काळी, तेवढीच जाड. आत तांब्याच्या तारा कमी. मी रंग बघितला, तारा मोजल्या नाहीत. महिन्याभराने एक रॉड परत आला, प्लगजवळ वायर मऊ होऊन चिकटली होती आणि तिला करपलेल्या रबराचा वास होता. कुणाला इजा झाली नाही, पण सगळा माल दुकानादुकानांतून गोळा करताना एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मला विचारलं, "बाई, तुम्ही बघितलं नव्हतं का?" — तेव्हापासून वायरचं प्रत्येक नवं बंडल आलं की मी टोक सोलून तारा मोजते. स्वस्त वायर, महाग रात्र.

११. बल्बच्या मानकात एक ओलीची चाचणी आहे: ९१ ते ९५ टक्के दमट हवेच्या पेटीत ४८ तास, आणि बाहेर काढल्यावर आतला विजेचा भाग आणि हाताला लागणारा भाग यांच्यामध्ये निदान ४ मेगाओहम रोध. त्या पेटीत दोन दिवस. आपल्या वेल्ह्यात चार महिने. कागदोपत्री तालुका आता राजगड झाला, पाऊस तोच आहे — भिंती घाम सोडतात, गोठ्यातला बल्ब शेणाच्या वाफेत लटकतो. भिंतीला कान, ओल्या भिंतीला करंट.

१२. प्लास्टिक विकत घेताना पोत्यावरचं नाव वाचू नकोस, जाळ बघ — चाचणीत तापलेल्या तारेचं टोक लावतात; तार काढल्यावर ३० सेकंदांत जाळ विझला पाहिजे आणि खाली धरलेला पातळ कागद पेटता कामा नये. भंगारातून वितळवलेलं प्लास्टिक इथेच पकडलं जातं.

१३. रॉडच्या वेळी वायरची पकड ओढून बघायची, एकदा नाही, पंचवीसदा — मानकही तेवढ्याच वेळा ओढायला सांगतं. घरात बाई घाईत असते, प्लग धरून नाही, वायर धरूनच ओढते.

१४. आत जोडताना अर्थची हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेव — वायर ओढली गेलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटली पाहिजे. थ्री-पिनची अर्थची पिन लांब असते तीही म्हणूनच, आधी जोडायची आणि शेवटी सुटायची. अर्थ म्हणजे घरातली थोरली; आधी उठते, शेवटी जेवते.

१५. अर्थची चाचणी टेस्टरच्या दिव्यावर सोडू नकोस, निदान १० अँपिअर सोडून बघ — एकाच तारेवर लटकलेला जोड दिवा लावतो, पण खरा बिघाड झाला की पहिल्या झटक्याला जळून जातो.

आता टेबलाची गोष्ट. जास्त दाबाच्या चाचणीचं यंत्र असतं: डावीकडे ताट, उजवीकडे लाल दिवा नि बझर, हातात रबरी मुठीची सळई. नग ताटात ठेवायचा, सळई लावायची, हजार व्होल्टच्या घरातला दाब क्षणभर द्यायचा. करंट फुटला तर बझर ओरडतो, नाही तर नग पुढे. एका सोमवारी बझर सकाळपासून एकदाही ओरडला नव्हता. मला वाटलं माल छान आलाय. डबा खाऊन परत आले तेव्हा सळईच्या मुठीपाशी वायर वाकडी दिसली. सोलून बघितलं तर आत तुटलेली. अर्ध्या पाळीचे सगळे नग चाचणी न होताच 'पास' झाले होते, आणि त्या प्रत्येकावर माझी सही होती. संध्याकाळी सातपर्यंत एकेक खोकं उघडून पुन्हा लावले. तीन नापास निघाले.

१६. म्हणून पाळी सुरू करताना आधी मुद्दाम बिघडवलेला नग लाव. त्याला लाल रंग दे, साखळीने टेबलाला बांध — यंत्राने त्याला नापास केलं, तरच पुढच्याला पास म्हणायचा हक्क यंत्राला आहे. जेवणानंतर पुन्हा लाव.

१७. आकडे रोजच्या रोज वहीत लिही, महिन्याच्या शेवटी बसून नको — एकाच शाईत, एकाच हाताने भरलेली वही तपासणाऱ्याला लांबूनच ओळखू येते.

१८. किती व्होल्ट, किती सेकंद, हे मानकातून मराठीत लिहून टेबलासमोर लाव — नवीन मुलगी कामावर आली की ती शेजारणीचं बघून शिकते, आणि शेजारणीने सेकंद कमी केलेला असतो.

१९. प्रत्येक नगावर तारखेचा आकडा टाक, बारीक का होईना — चूक झालीच तर दोनशे नग परत बोलवावे लागतील, वीस हजार नाहीत.

२०. रॉडचं सूचनापत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रासह दे: आधी पाण्यात बुडवा, मग बटण चालू करा, प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका, बादली लोखंडाची नको. पाण्याची खूण रॉडवरच कोरून घे — कागद दुसऱ्याच दिवशी चुलीत जातो. भाटघरला धरणाच्या पायथ्याशी पाणी आणि वीज शेजारी नांदतात, पण त्यांच्यामध्ये किती भिंती आणि किती माणसं उभी आहेत ते बघ. बादलीत त्यांच्यामध्ये फक्त तुझा रॉड आहे.

२१. दुकानदाराला एक वाक्य सांगून ठेव: रॉड घेणाऱ्याला घरात करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवली आहे का, विचारा. नसेल तर बसवायला सांगा — चांगल्यातला चांगला रॉडही कधी तरी जुना होतो.

२२. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी खुर्ची दे, चहा दे, मग नग बघ — तो न येता घरी बसला असता, तर तुला ते कळलंच नसतं.

२३. सूक्ष्म उद्योगाला मार्किंग फीमध्ये सवलत मिळते, ती सोडू नकोस. वाचलेल्या पैशात रोध मोजायचा चांगला मेगर घे, दुसरा पंखा नको — शेडमध्ये वारा भरपूर येतो, मी बघून आलेय.

२४. पहिली पेटी विकू नकोस. चार बल्ब वेल्ह्यात मावशीच्या गोठ्यात लाव, चार चुलीच्या वर, दोन पागोळीखाली. गणपतीत मी येईन तेव्हा उतरवून ठेव, आपण दोघं ओट्यावर बसून एकेक उघडू. हाताने फिरवायचा माझा जुना मेगर मी पिशवीत घालून आणते; वही तू आण, आणि पेन चालणारं आण.