‘निरंक’ या नोंदीविषयी : क्रिप्टोस्पोरिडियमचा एक अल्प अभ्यास

वार्षिक अहवालाच्या सांख्यिकी विभागात अतिसाराच्या बालरुग्णांच्या मल-तपासणीचा तक्ता दरवर्षी दिला जातो. त्यात अमीबा, जिआर्डिया व कृमी यांच्यापुढे आकडे असतात; क्रिप्टोस्पोरिडियम या नावापुढे मात्र वर्षानुवर्षे ‘निरंक’ हा शब्द छापला गेला. हा तक्ता सिद्ध करण्याचे काम प्रशासनाकडे, म्हणजे आमच्याकडे आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. निरंक म्हणजे रुग्ण नाही, असाच अर्थ आम्ही धरत आलो. प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञांनी एकदा सहज सांगितले, की या परोपजीवीसाठी निराळे रंजन करावे लागते आणि ते आपण करीतच नव्हतो. जे शोधलेच नाही ते आढळले नाही, असे आम्ही देणगीदारांस व शासनास कळवीत होतो. हिशेबात अशी नोंद कोणीही लेखापरीक्षक खपवून घेणार नाही. ही चूक उमगल्यावर तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

या जीवाचे वर्णन प्रथम अमेरिकेतील टिझर यांनी १९०७ साली उंदराच्या जठरातून केले. पुढील अनेक दशके ती एक शास्त्रीय नवलाई राहिली. १९७१ मध्ये वासराच्या हगवणीत तो नोंदला गेला आणि १९७६ मध्ये माणसातील पहिले रुग्ण प्रसिद्ध झाले. त्यांत एक तीन वर्षांची बालिका होती. १९८२ नंतर एड्सच्या रुग्णांत न थांबणाऱ्या अतिसाराचे कारण म्हणून त्याकडे जगाचे लक्ष गेले. बालकांचा विचार त्यामानाने उशिरा झाला. आफ्रिका व आशियातील सात केंद्रांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात (त्यात आपले कोलकाताही होते) एक वर्षाखालील बालकांच्या गंभीर अतिसारात रोटाव्हायरसच्या खालोखाल याचेच स्थान आढळले.

आता पाण्याविषयी. मलातून बाहेर पडणारी याची बीजपुटी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते आणि तिचे कवच इतके चिवट, की पिण्याच्या पाण्यात घालावयाच्या क्लोरीनचा तिच्यावर परिणाम होत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात गाळलेले व क्लोरीनयुक्त नळाचे पाणी पिऊन अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की आपले कर्तव्य संपले, असे आमच्या आरोग्य शिबिरांतून आम्ही सांगत होतो. पटकी व विषमज्वर यांच्यासाठी ते योग्यच आहे आणि ते थांबवू नये. परंतु या जीवासाठी पाणी खळखळून उकळणे हाच घरगुती उपाय आहे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरही येथे उपयोगी पडत नाही. २०२० पासून प्रत्येक कक्षाच्या दाराशी त्याच्या बाटल्या आहेत. बालकक्षात मात्र साबण व वाहते पाणीच हवे.

वर्धा जिल्हा हा गवळाऊ गाईंचा मुलूख. पावसाळ्यात नवजात वासरू ओसरीत बांधावे व लेकरांनी त्याच्याशी खेळावे, हे आपल्याकडील नित्याचे दृश्य. साधारण एक ते तीन आठवड्यांच्या वासरांना हा रोग अधिक होतो, म्हणून दोष तत्काळ गोठ्यावर ढकलण्याचा मोह आम्हासही झाला. संशोधन मात्र सावध करते. मिलवॉकीतही आधी संशय गुरांवर गेला होता. पुढे जतन केलेल्या मोजक्या नमुन्यांत माणसाकडून माणसाकडे जाणारा प्रकार निघाला. त्या प्रकारास २००२ साली ‘होमिनिस’ अशी स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. वासरांत व माणसांत दोहोंत आढळणारी ‘पार्व्हम’ ती निराळी. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी तेथील बालकांत मुख्यत्वे होमिनिसच नोंदली. आणि बाटलीबंद पाणी पिणाऱ्या मुलांतही संसर्ग कमी झाला नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे हात, लंगोट, अंगण व शौच यांचा विचार पाण्याइतकाच निकडीचा. १९३५ च्या सुमारास गांधीजी मगनवाडीत असताना त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी गावी जाऊन रस्त्यावरील मैला उचलीत असत. तेव्हा या परोपजीवीचा माणसाशी संबंध कोणास ठाऊक नव्हता, परंतु रोगाची वाट त्यांनी बरोबर ओळखली होती. गोठ्यास मात्र पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. वासरू हगवत असेल तर लेकरास दूर ठेवावे व पशुवैद्यकास दाखवावे.

तपासणीच्या खर्चाचा आम्ही आधी धसका घेतला होता. चौकशीअंती कळले, की क्षयरोगाच्या थुंकी-तपासणीचे लाल रंगद्रव्यच येथे लागते. केवळ आम्ल सौम्य घ्यावयाचे. ते कपाटात होतेच! बीजपुट्या तांबड्या दिसतात, त्याच आकाराचे किण्व तो रंग धरीत नाहीत. त्या मलात रोज पडत नसल्याने तीन दिवसांचे तीन नमुने घ्यावे लागतात. खरा खर्च तंत्रज्ञांच्या वेळेचा आहे आणि तो आम्ही अंदाजपत्रकात धरला आहे.

उपचाराची बाजू अजून दुबळी आहे. निटाझोक्सानाइड या औषधास अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. परंतु ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांस त्याचा भरवसा देता येत नाही. कुपोषित बालकात अतिसार लांबतो, वाढ खुंटते आणि तेच मूल पुन्हा आजारी पडते. जलसंजीवनी, झिंक व आईचे दूध यांवरच आमच्या बालरोगतज्ज्ञांचा भर आहे.

यंदापासून नोंदवहीत ‘निरंक’ हा शब्द बंद केला आहे. त्याऐवजी ‘तपासले, आढळले नाही’ आणि ‘तपासले नाही’ असे दोन रकाने आखले असून मागील वर्षांच्या तक्त्यांची दुरुस्ती या अहवालाच्या शेवटी जोडली आहे. त्यातील सर्व नोंदी दुसऱ्या रकान्यात आहेत.