बुरशी विसरते तेव्हा...

हॉस्टेलवाल्यांना बुरशीची ओळख करून द्यायची गरज नाही. जून ते सप्टेंबर मुळशीचा पाऊस आणि न वाळलेले टॉवेल, पावाचं उघडं पाकीट, कपाटामागची भिंत! सगळीकडे तिचंच राज्य. पण मित्रांनो, याच ओलाव्यात, आपल्या कुंपणापलीकडच्या भातखाचरांत आणि उसाच्या शेतात बुरशीची आणखी एक जात काम करत असते. ती पाव खात नाही, किडे मारते. आणि ती कशी मारते, कधी मारायचं विसरते, हे सगळं तिच्या जनुकांमध्ये लिहिलेलं असतं. या लेखाचा विषय तोच.

आधी शत्रूची ओळख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे पुस्तकातला ‘व्हाइट ग्रब’ मला माहीत होता, पण ‘हुमणी’ हा शब्द मुळशीत आल्यावर कळला. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली अळी. ती जमिनीत राहते आणि उसाची मुळं खाते. वरून ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि हाताने ओढला की सहज उपटून येतो. मुळशी-मावळच्या हद्दीवर कासारसाई-दारुंब्रेला साखर कारखाना आहे, म्हणजे ऊस आपल्याही भागात आहेच. अळी जमिनीखाली असल्यामुळे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून वळवाच्या पावसानंतर भुंगेरे कडुलिंब, बाभळीवर जमतात तेव्हाच ते गोळा करून मारावेत, असं सांगतात. आणि जमिनीतल्या अळीसाठी? तिथे लागते जमिनीतच राहणारी बुरशी. तिचं नाव मेटारायझियम.

थोडा इतिहास

किड्यांना बुरशीचा रोग होतो हे सिद्ध केलं इटलीच्या आगोस्तिनो बास्सी यांनी. त्यांनी १८३५ मध्ये दाखवून दिलं की रेशीमकिड्यांना मारणारा पांढरा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो. त्यांच्याच नावावरून ती बुरशी आज ब्युव्हेरिया बॅसियाना म्हणून ओळखली जाते. सूक्ष्मजीवामुळे रोग होतो हे पाश्चरच्या आधी दाखवणारा माणूस, पण आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याचं नावही नसतं! पुढे १८७९ मध्ये मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने गव्हावरच्या भुंगेऱ्याला मारणारी हिरवी बुरशी पाहिली आणि ती मुद्दाम वाढवून शेतात वापरता येईल असं सुचवलं. तीच ही मेटारायझियम. याच मेच्निकॉफना पुढे १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

मारते कशी?

जिवाणू किंवा विषाणू किड्याच्या पोटात जावे लागतात, म्हणजे किड्याने ते खावे लागतात. बुरशीला तशी गरज नाही. ती थेट कातडीतून आत शिरते. तिची एकेक पायरी बघा, कारण प्रत्येक पायरीमागे एक तरी जनुक आहे.

पहिली पायरी चिकटण्याची. मेटारायझियममध्ये ‘मॅड-१’ नावाचं प्रथिन बीजाणूला किड्याच्या कातडीवर चिकटवतं. गंमत म्हणजे तिच्याकडे ‘मॅड-२’ पण आहे, आणि ते चिकटतं झाडाच्या मुळांना! एकच बुरशी किड्याची वैरी आणि मुळांची सोबतीण, दोन कामांना दोन वेगळी जनुकं.

दुसरी पायरी भोक पाडण्याची. चिकटलेला बीजाणू उगवतो आणि त्याच्या टोकाला एक फुगवटा तयार होतो. त्यात दाब वाढतो आणि टोक कातडीत घुसू लागतं. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी याला हायड्रॉलिक प्रेस म्हणायला हरकत नाही. पण नुसता दाब पुरत नाही. त्याच वेळी ‘पीआर-१’ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, कातडीतली प्रथिनं विरघळवतं आणि कायटिनेज हे विकर कायटिन कापतं.

तिसरी पायरी लपण्याची. आत किड्याचं रक्त असतं आणि त्यातल्या पेशी परक्याला लगेच घेरतात. तेव्हा बुरशी ‘एमसीएल-१’ नावाच्या प्रथिनाचा कोट अंगावर चढवते, म्हणजे त्या पेशींना ती ओळखूच येत नाही. मग ती आत वाढते, डिस्ट्रक्सिन नावाची विषं सोडते आणि साधारण चार ते दहा दिवसांत किडा मरतो. हवेत ओलावा असेल तर मेलेल्या किड्यावर हिरवी भुकटी दिसू लागते. ते नवे बीजाणू!

मेटारायझियमच्या दोन जातींचा संपूर्ण जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक प्रकारचे किडे मारणाऱ्या जातीत सुमारे साडेदहा हजार जनुकं सापडली, आणि फक्त टोळ-नाकतोडे मारणाऱ्या जातीत दहा हजारांहून थोडी कमी. म्हणजे कोणावर हल्ला करायचा याची यादीसुद्धा जनुकांतच आहे. म्हणूनच ‘मेटारायझियम’ असं नाव असलेलं प्रत्येक पाकीट प्रत्येक किडीवर सारखंच चालेल असं नाही. नाव एक असलं तरी वाण वेगळा असू शकतो.

विसरण्याचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. या विषयावर मोलाचं काम आपल्या पुण्यातच झालं आहे, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये. तिथे डॉ. मुकुंद देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तूर-हरभऱ्यावरच्या घाटेअळीविरुद्ध मेटारायझियमवर बरीच वर्षं संशोधन केलं. २००८ मध्ये त्यांच्या गटाने एक साधा पण महत्त्वाचा प्रश्न तपासून प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत एका बशीतून दुसऱ्या बशीत, दुसरीतून तिसरीत अशी बुरशी वाढवत राहिलं तर तिची मारण्याची ताकद टिकते का?

उत्तर, नाही टिकत. पिढ्या वाढत गेल्या तशी घाटेअळी मरायला जास्त वेळ लागू लागला, आणि कातडी विरघळवणारी विकरंही कमी झाली. पण तीच मंदावलेली बुरशी पुन्हा अळीवर वाढवली, मेलेल्या अळीवरून परत घेतली, तर ताकद परत येते!

हे का होत असेल? बशीत बुरशीला आयतं जेवण मिळतं. साखर आहे, नायट्रोजन आहे. मग पीआर-१ बनवण्यात शक्ती खर्च कशाला करायची? आपण मेसवर जेवायला लागल्यावर स्वयंपाक विसरतो, अगदी तसंच. जे धागे मारण्याची तयारी ठेवत नाहीत ते बशीत उलट जास्त जोमाने वाढतात आणि पिढ्यानपिढ्या त्यांचीच संख्या वाढते. शिवाय आपल्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. मेटारायझियमच्या बीजाणूत एकच प्रत असते. बिघाड झाला की तो लगेच दिसतो.

मग ताकद परत कशी येते? जनुक सगळ्याच बीजाणूंतून कायमचं नाहीसं झालं असतं तर अळीवर वाढवूनही काही उपयोग झाला नसता. म्हणजे दोन शक्यता उरतात. एक तर जनुक जागेवरच असतं पण बंद पडलेलं असतं आणि किड्याची कातडी लागली की पुन्हा चालू होतं. किंवा गर्दीत थोडे ‘जुने शिकारी’ शिल्लक असतात आणि अळी फक्त त्यांनाच निवडून पुढे पाठवते. दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

पाकिटावर काय लिहिलेलं नसतं

आता हे शेतकऱ्याच्या बाजूने बघा. पाकिटावर एका ग्रॅममध्ये इतके ‘सीएफयू’ असा आकडा असतो, उदाहरणार्थ १ × १०^८, म्हणजे दहा कोटी. हा आकडा किती बीजाणू जिवंत आहेत ते सांगतो. ते मारू शकतात का, हे सांगत नाही! दहा कोटी जिवंत पण विसराळू बीजाणू असतील तर शेतकऱ्याचे पैसे जातात, हंगाम जातो, आणि ‘जैविक औषधांत काही दम नाही’ हे मत कायमचं बनतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा जहाल रासायनिक औषधाकडे वळतो. म्हणून बनवणाऱ्याने मूळ वाण थंडीत जपून ठेवणं, बशीतल्या पिढ्या मोजक्याच ठेवणं आणि अधूनमधून बुरशी किड्यावरून काढून घेणं फार गरजेचं आहे. हे काम साखर कारखान्यांच्या, महाविद्यालयांच्या छोट्या प्रयोगशाळांतही होऊ शकतं.

शेतावरचेही काही नियम आहेत. भातावर करप्यासाठी बुरशीनाशक मारायचं असेल तर ते याच पंपात मिसळायचं नाही, नाहीतर आपणच आपली बुरशी मारतो. ऊन हा तिचा मोठा शत्रू, म्हणून फवारणी संध्याकाळी. हुमणीसाठी ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्यायची. मुळशीतला दमट पावसाळा तिला मानवतो, पण मुसळधार पावसाच्या तोंडावर पानांवर फवारली तर ती धुऊनच जाईल. माणसाच्या शरीराचं ३७ अंश तापमान तिला सहसा मानवत नाही. तरीही भुकटी हाताळताना नाकाला रुमाल बांधावाच.

जनुक बदलायचं का?

शेवटी कोणीतरी विचारणारच, ‘मग जनुकच बदलून टाकू ना!’ अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या रेमंड सेंट लेजर यांच्या गटाने ते करून पाहिलं आहे. १९९६ मध्ये पीआर-१ च्या जादा प्रती घातल्या तेव्हा अळ्या २५ टक्के लवकर मेल्या आणि ४० टक्के कमी खाल्लं. २००७ मध्ये विंचवाच्या विषाचं जनुक घातलं तेव्हा तंबाखूवरच्या अळीसाठी बुरशी २२ पट प्रभावी ठरली. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात जाळीबंद आवारात, कोळ्याच्या विषाचं जनुक असलेल्या बुरशीने डासांची वसाहत ४५ दिवसांत कोसळवल्याचं प्रसिद्ध झालं.

पण १९९६ च्या प्रयोगातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. त्या अतिवेगाने मेलेल्या अळ्यांवर नवे बीजाणू नीट तयारच होईनात! घाईत मारलं तर पुढची पिढी वाढवायला वेळ मिळत नाही. म्हणजे निसर्गातली बुरशी हळू मारते ती तिची कमजोरी नाही, हिशोब आहे. शेतकऱ्याला पीक आज वाचवायचं असतं आणि बुरशीला उद्या जगायचं असतं. आपल्या देशात असा जनुक बदललेला जीव शेतात सोडायचा तर १९८९ च्या नियमांप्रमाणे जीईएसीची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. एकदा सोडलेले बीजाणू कोणालाच परत गोळा करता येत नाहीत.

माझं मत विचाराल तर, परकं जनुक घालण्याआधी जे जनुक आहे ते जागं ठेवायला शिकूया. त्याला मोठी मशिनरी लागत नाही. एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज, थोड्या अळ्या आणि कोणत्या पिढीची बुरशी कोणत्या बशीत आहे याची नीट ठेवलेली वही लागते. वही ठेवण्याचं काम तर आपण जर्नलच्या निमित्ताने चार वर्षं करतोच, नाही का?