शिरेवाटे औषध घेताना : कर्करोगाच्या रुग्णाचे स्वास्थ्य

कर्करोगाच्या पेशी नष्ट करणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे देऊन जो उपचार केला जातो, त्यास रासायनिक उपचार किंवा केमोथेरपी म्हणतात. यांपैकी पुष्कळ औषधे सलाइनप्रमाणे शिरेवाटे थेंबाथेंबाने दिली जातात. एका वेळच्या उपचारास कधी अर्धा तास लागतो, तर कधी सारा दिवस. त्यानंतर शरीरास सावरण्यासाठी बहुधा काही दिवसांचा अवकाश ठेवून तोच उपचार पुन्हा दिला जातो. या सर्व फेऱ्या शक्यतो वेळेवर पार पडाव्यात, असा वैद्यांचा प्रयत्न असतो. म्हणूनच रुग्णास या काळात स्वस्थ वाटणे ही केवळ सोयीची गोष्ट नसून उपचाराचाच एक भाग होय.

मळमळ का होते?

या औषधांमुळे लहान आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींतून सेरोटोनिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. ते तेथील मज्जातंतूंना चेतवते आणि तो संदेश मेंदूपर्यंत पोहोचून मळमळ व वांती सुरू होते. हा संदेश अडवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधास अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली. पुढे अशा इतर औषधांचीही भर पडली. ही औषधे वांती सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा ती होऊ नये म्हणून आधीच घेणे अधिक हितावह असते. त्रास नाही म्हणून घरी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करणे योग्य नव्हे. कारण काही औषधांची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येते.

शरीराची शिकवण

पहिल्या फेरीतच वांती रोखण्यास आणखी एक कारण आहे. अन्नाच्या वेळी ठरावीक खूण वारंवार केली, तर पुढे केवळ त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी दाखवून दिले. मळमळीचेही तसेच घडते. एक-दोन फेऱ्यांत तीव्र वांती झाली, म्हणजे पुढे रुग्णालयातील स्पिरिटचा वास येताच किंवा ती खुर्ची दिसताच, औषधाचा थेंबही शरीरात जाण्यापूर्वी, काही रुग्णांना मळमळू लागते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, सोंग तर नव्हेच. ती शरीराने घेतलेली शिकवण आहे.

अन्नाविषयीही अशीच नावड उत्पन्न होते. औषधापूर्वी अपरिचित चवीचे आइस्क्रीम खाल्लेली मुले पुढे ते टाळू लागतात, असे अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. यावरून घेण्याजोगा बोध असा, की रुग्णाच्या विशेष आवडीचा पदार्थ उपचाराच्या दिवशी आग्रहाने वाढू नये. त्या दिवशी पेज, मऊ भात किंवा खिचडी असे हलके अन्न थोडेथोडे द्यावे आणि आवडीचे पदार्थ बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवावेत.

शिकलेली मळमळ पुसताही येते. हातापायांचे स्नायू क्रमाने आवळून सैल सोडावेत, श्वास संथ करावा आणि त्या स्वस्थ स्थितीत रुग्णालयाच्या वाटेची एकेक पायरी मनात आणावी, या पद्धतीने अशी मळमळ कमी होते, हे १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. ही रीत रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडून पहिल्या फेऱ्यांतच शिकून घेतल्यास उत्तम.

खुर्चीवर बसल्यावर

सैल बाह्यांचे कपडे, अंगावर घेण्यास शाल, पिण्याचे पाणी आणि वाचन, विणकाम, संगीत किंवा नामस्मरण यांपैकी जे रुचेल ते जवळ असावे. हात उबदार असला व पुरेसे पाणी प्यालेले असले, म्हणजे शीर सापडणे सोपे जाते. सुईच्या जागी आग होणे वा सूज येणे, अंगास खाज सुटणे, हुडहुडी भरणे, छाती आवळल्यासारखी वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास परिचारिकेस तत्काळ सांगावे. येथे सोसणे हा गुण नव्हे. घरी परतल्यावर ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढला, तर रात्र असली तरी रुग्णालयाशी संपर्क साधावा. कारण या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्ग झपाट्याने बळावू शकतो.

आनंदी राहण्याचे ओझे

मन प्रसन्न ठेवले तरच रोग हटतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाची मनःस्थिती आणि त्याचे आयुर्मान यांचा संबंध आढळला नाही. प्रसन्नतेने दिवस सुसह्य होतात, हे खरेच. परंतु ज्याला रडू येते तो स्वतःच्या बरे होण्यात अडथळा आणतो, असे मुळीच नाही. घरच्यांनी "धीर धर" असे वारंवार बजावण्यापेक्षा, आज कशाने बरे वाटेल, एवढे विचारणे अधिक उपयोगाचे. उदासी दिवसेंदिवस हटतच नसेल, तर तीही वैद्यांस सांगण्याजोगी तक्रार आहे.

सांगण्याचे महत्त्व

मळमळ केव्हा आली, किती वेळा वांती झाली, कोणते अन्न पोटात राहिले, झोप कशी लागली, याची रोज दोन ओळींची नोंद वहीत ठेवावी. तीवरून पुढील फेरीची औषधे बदलता येतात. ओलान्झापिन हे मळमळ रोखणारे औषध १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिले तरी वांतीपासून तितकेच संरक्षण मिळते व गुंगी कमी येते, असे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. दिवसभराची गुंगी हीदेखील रुग्णांनी सांगितल्यावाचून कळणारी गोष्ट नव्हती. रुग्णाने निःसंकोच सांगावे व ऐकणाऱ्याने ते टिपून घ्यावे, यातूनच पुढची फेरी सुसह्य होते.