दारू सुटते

आपला वर्धा जिल्हा म्हणजे सेवाग्रामचा जिल्हा. येथे दारूबंदी होऊन ५० वर्षे झाली. तरी नाल्याकाठी मोहाची भट्टी लागतेच. ते आपण सारे जाणतो.

पिणारा म्हणतो, "माझ्याने नाही सुटत गा!" मग घरची माणसेही तसेच म्हणू लागतात. ही निराशा दारूपेक्षा जड.

पुण्याला काय झाले ते पाहू. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी तेथे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. पु. ल. देशपांडे यांनी पैशाची मदत केली. तेथे दारू सोडलेली माणसेच नव्याला धीर देतात. समजावणारा एके काळी स्वतःच रस्त्यावर पडलेला असतो. त्याला पाहून नव्याला वाटते, याची सुटली, मग माझी का नाही?

जन्मभराची शपथ नको. आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच. उद्याचे उद्या.

पण रोज भरपूर पिणाऱ्याने मनानेच एकदम सोडू नये. हातपाय कापतात, भास होतात, झटके येतात. जीवही जाऊ शकतो. आधी दवाखाना गाठावा. हा आजार आहे, त्यात लाज कसली?

दोन महिने कोरडा राहिलेला माणूस पोळ्याच्या करीला घसरला, तर ते दोन महिने वाया गेले का? नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिला दिवस मोजावा. टोमणे मारू नयेत.

१४४४६ हा सरकारी फोन नंबर आहे. पैसे पडत नाहीत. घरातल्या कोणीही लावावा.